सोलापूर जिल्ह्यातील वारसास्थळे आणि अभयारण्य पाहण्यासंबंधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर म्हटले की बाहेरगावच्या माणसाला चादर, पंढरपूर आणि अक्कलकोट एवढेच आठवते. बहुतेक पाहुणे देवदर्शन उरकून त्याच दिवशी परततात. वाटेवरचे किल्ले, यादवकालीन मंदिरे, माळराने आणि जलाशय पाहण्याची इच्छा असलेल्यांच्या मनात जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. दर आणि वेळा बदलत असल्याने त्या निघण्यापूर्वी संबंधित ठिकाणी विचारून घ्याव्यात.

या स्थळांसाठी एकच कार्यालय, एकच परवाना अशी सोय आहे का?

नाही, आणि बहुतेक गैरसमज येथूनच सुरू होतात. सोलापूरचा भुईकोट किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीत आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग हे राज्य संरक्षित स्मारक आहे. माळढोक या माळरानावरच्या दुर्मीळ पक्ष्यासाठीचे नान्नजचे अभयारण्य वन विभागाकडे, उजनीचा जलाशय जलसंपदा विभागाकडे, तर सिद्धेश्वर आणि पंढरपूरसारखी मंदिरे आपापल्या देवस्थान समित्यांकडे आहेत. गावोगावच्या कित्येक जुन्या मंदिरांची देखभाल प्रत्यक्षात पुजारी आणि ग्रामस्थच करतात. त्यामुळे कोठेही जाण्यापूर्वी ते स्थळ कोणाच्या ताब्यात आहे हे आधी विचारावे. वेळ, तिकीट, छायाचित्रणाची मुभा आणि तक्रार कोणाकडे करायची, या सर्वांचा उलगडा त्या एका उत्तरातून होतो.

कोणत्या महिन्यात यावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि किल्ल्याच्या तटावर किंवा उघड्या माळावर दुपारी उभे राहणे अशक्य होते. उन्हाळ्यात येणे अपरिहार्य असेल तर सकाळी दहापूर्वी आणि सायंकाळी पाचनंतरच बाहेर पडावे. पावसाळा येथे मुळात बेताचा असतो. मात्र त्या दिवसांत माळरान हिरवे होते आणि नळदुर्गचे धबधबे वाहू लागतात. आषाढी आणि कार्तिकी एकादशीच्या आगेमागे पंढरपूरच्या रस्त्यांवर वाहनांची मोठी कोंडी असते. वारीसाठी येत नसाल तर ते दिवस टाळलेले बरे.

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात पाहण्यासारखे काय आहे? तो तर शहरातली बाग वाटतो.

किल्ल्याला लागून बाग आहे आणि संध्याकाळी तेथे गर्दीही असते, त्यामुळे असा समज होतो. प्रत्यक्षात दख्खनच्या राजकारणात या किल्ल्याइतकी ओढाताण फार थोड्या किल्ल्यांची झाली. बहमनी काळात उभा राहिलेला हा किल्ला बहमनी सत्ता फुटल्यावर विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्या सीमेवर आला. १५२४ च्या सुमारास इस्माईल आदिलशहाची बहीण बुऱ्हाण निजामशहाला देण्यात आली, तेव्हा हा किल्ला हुंड्यात देण्याचे ठरले होते. तो प्रत्यक्षात दिला गेला नाही, आणि त्यावरून दोन्ही घराण्यांत वर्षानुवर्षे लढाया झाल्या. पुढे १५६५ च्या तालिकोटच्या लढाईपूर्वी दोन्ही घराण्यांनी विजयनगरविरुद्ध हातमिळवणी केली. तेव्हा अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला देण्यात आली आणि सोलापूरचा किल्ला पुन्हा हुंड्यात आला, या वेळी उलट दिशेने. नंतर मोगल, निजाम, पेशवे असे हात बदलत १८१८ मध्ये तो इंग्रजांनी जिंकला.

आत गेल्यावर घाई करू नये. दुहेरी तटबंदी, खंदक, बुरुजांवरचे फारसी शिलालेख आणि आतील जुन्या मंदिराचे कोरीव खांब हे सर्व पाहायला दीड-दोन तास लागतात. तटाच्या बांधकामात ठिकठिकाणी नक्षीचे दगड बसवलेले दिसतात. एखादी आडवी पडलेली वेलबुट्टी, एखादा उलटा लागलेला नक्षीचा तुकडा दिसला की हा दगड आधी दुसऱ्या वास्तूत होता हे ध्यानात येते. तटावरून सिद्धेश्वर तलाव आणि त्यातील मंदिर एका नजरेत दिसते. सकाळी लवकर गेल्यास हा देखावा सर्वांत स्वच्छ दिसतो.

किल्ल्याला तिकीट आहे का?

आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकांना भारतीय नागरिकांसाठी अल्प शुल्क असते आणि परदेशी पर्यटकांसाठी ते बरेच जास्त असते. पंधरा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. सामान्यतः ही स्मारके सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खुली असतात.

सिद्धेश्वर मंदिर आणि गड्ड्याची यात्रा यांचा वारसास्थळांशी काय संबंध?

फार जवळचा आहे. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील शरण, म्हणजे शिवभक्त संत, बसवेश्वरांच्या काळातले. तलाव, मंदिर आणि अडुसष्ट लिंगे ही त्यांच्याशी निगडित आहेत, आणि जुन्या सोलापूरची रचना या लिंगांच्या प्रदक्षिणेने बांधलेली आहे. जानेवारीत मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत सात नंदीध्वज मिरवत निघतात आणि बाराबंदी घातलेले मानकरी ते उंच काठीचे ध्वज तोलत चालतात. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा, होमप्रदीपन आणि शोभेचे दारूकाम असा क्रम असतो. अक्षता सोहळ्याच्या दिवशी पांढऱ्या पोशाखातील हजारो माणसे एकाच वेळी अक्षता उधळतात. तो क्षण पाहायचा असेल तर सकाळीच जागा धरावी लागते. पोलीस या काळात वाहतुकीचे मार्ग बदलतात, तेव्हा शांतपणे किल्ला पाहण्यासाठी येणाऱ्यांनी जानेवारीचा मधला आठवडा टाळावा.

नान्नजला गेल्यावर माळढोक दिसेल का?

प्रामाणिक उत्तर असे की तो दिसण्याची अपेक्षा धरून जाऊ नये. १९७९ मध्ये माळढोकसाठी हे अभयारण्य घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. एवढ्या क्षेत्रात अर्थातच गावे, शेते, रस्ते, सारेच येत होते आणि जमिनीच्या व्यवहारांवरील निर्बंधांमुळे शेतकऱ्यांत मोठी नाराजी होती. पुढे क्षेत्राची फेररचना होऊन ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. पक्ष्यांची संख्या मात्र त्याआधीपासूनच घसरत होती आणि आता येथे माळढोक दिसणे ही बातमी ठरते.

याची कारणे जागेवर उभे राहिले की समजतात. मादी वर्षाकाठी सहसा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्री, कोल्हे आणि चरायला आलेली जनावरे यांपैकी कोणाच्याही पायी ते जाऊ शकते. पूर्ण वाढलेला नर दहा-बारा किलोंहून जड असतो, आणि या पक्ष्याला समोरचे कमी व बाजूंचे अधिक दिसते. म्हणून उडताना विजेच्या तारा त्याला वेळेवर दिसत नाहीत आणि दिसल्या तरी एवढे वजन चटकन वळत नाही. यात पाण्याची सोय झाल्यावर ज्वारी-करडईच्या जागी आलेला ऊस आणि ‘पडीक’ समजून माळावर केलेली झाडांची लागवड यांची भर पडली. माळरानावर झाडे लावणे हे निसर्गरक्षण आहे असे अनेकांना अजूनही मनापासून वाटते. माळढोकला उंच झाडी नको असते, त्याला दूरवर पाहता येईल असे गवत हवे असते.

तरीही नान्नजला जावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. काळविटांचे कळप येथे हमखास दिसतात. पहाटे गवताच्या कडेने जाणारा लांडगा किंवा बिळाशी उन्हात बसलेले खोकड दिसण्याचीही शक्यता असते. धाविक, पखुर्डी, चंडोल, लावा आणि हिवाळ्यात येणारे भोवत्या हे पक्षी माळाशिवाय इतरत्र सहजी दिसत नाहीत. त्यातही धाविक जवळून पाहण्यासारखा आहे. तो चार पावले धावतो, थांबतो, मान ताठ करतो, किडा टिपतो आणि पुन्हा धावतो. थांबला की मातीच्या रंगात असा मिसळतो की दुर्बिणीतूनही पुन्हा शोधावा लागतो.

नान्नजला परवानगी लागते का? स्वतःची गाडी आत नेता येते का?

नान्नज सोलापूरहून बार्शी रस्त्यावर सुमारे वीस किलोमीटरवर आहे. हा रस्ता सार्वजनिक असला तरी वन विभागाच्या ताब्यातील गवताळ क्षेत्रात प्रवेश करण्यापूर्वी तेथील कार्यालयात नोंद करून परवानगी घ्यावी लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवानगीविना अभयारण्यात शिरणे गुन्हा आहे. गाडी ठरवून दिलेल्या रस्त्यावरच ठेवावी. चांगले छायाचित्र मिळावे म्हणून गाडी गवतात घालण्याचा प्रकार वारंवार घडतो, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात, म्हणजे साधारण पावसाळ्यात, त्याने होणारे नुकसान डोळ्यांना दिसतही नाही. कपडे मातकट रंगाचे असावेत. पाळीव कुत्रा बरोबर आणू नये, कारण काळवीट त्याच्या वासानेच लांब पळतात.

हत्तरसंग कुडल कोठे आहे आणि तेथे एवढे काय आहे?

दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर. जिल्ह्यातील एकच स्थळ पाहण्याइतका वेळ असेल तर बहुतेकांना पंढरपूर सुचवले जाते. आमचे मत मात्र कुडलच्या बाजूने आहे.

येथे संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन मंदिरे आहेत. संगमेश्वर मंदिरातील तुळईवर शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. ‘वाचि तो विजेया होईवा’ (जो वाचेल तो विजयी होईल) ही त्याची ओळ आता अभ्यासकांइतकीच गावातल्या मुलांनाही पाठ आहे. आद्य मराठी शिलालेख कोणता, श्रवणबेळगोळचा, अक्षीचा की कुडलचा, यावर विद्वानांत मतभेद आहेत आणि ते राहणारच. या लेखाचे महत्त्व त्या वादाच्या निकालावर अवलंबून नाही. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी जिल्ह्यातील अशा कित्येक लेखांचा आयुष्यभर पायी फिरून शोध घेतला. त्यांच्यामुळेच ही मंदिरे अभ्यासकांच्या नजरेत आली.

लेख वाचण्यासाठी त्यावर खडू, पीठ किंवा पाणी लावू नये. बॅटरीचा उजेड दगडावर समोरून न टाकता एका बाजूने तिरपा टाकला की अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. हाताने चाचपण्याचा मोह आवरावा, कारण हजार वर्षे टिकलेल्या दगडालाही हाताच्या घामाने झीज लागते.

हरिहरेश्वर मंदिर बराच काळ मातीखाली होते. ते मोकळे करताना बहुमुखी शिवलिंग सापडले. त्यावर ३५९ मुखे कोरलेली असल्याचे सांगितले जाते. ती सर्व मोजण्याचा प्रयत्न प्रत्येक पाहुणा करतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीनंतर सोडून देतो. एकेका मूर्तीची बैठक, जटा आणि हातांची ठेवण वेगळी आहे, तेव्हा मोजण्याऐवजी कोणत्याही एका ओळीकडे नीट पाहणे अधिक फायद्याचे ठरते. पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू असेल तर संगमाचे पाणी वेगाने चढते. अशा वेळी घाटावर उतरू नये.

या भागात आणखी कोणती जुनी मंदिरे पाहावीत?

माळशिरस तालुक्यातील वेळापूरचे अर्धनारीनटेश्वर मंदिर यादवकालीन आहे. करमाळ्याचे कमलाभवानी मंदिर रावरंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधले आणि त्याचे शहाण्णव खांब प्रसिद्ध आहेत. बार्शीचे भगवंत मंदिर शहराच्या मध्यभागी असल्याने बसने जाणाऱ्यांनाही सोयीचे आहे. मंगळवेढा तालुक्यात भीमेच्या काठी माचणूर येथे सिद्धेश्वराचे मंदिर आणि लगत किल्ला आहे. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात याच परिसरात, ब्रह्मपुरीस होती आणि तेथूनच तो साताऱ्याच्या मोहिमेवर निघाला. चार वर्षे मोगल साम्राज्याचा कारभार जेथून चालला त्या जागी आज ज्वारीची शेते आहेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हेही जाता जाता सांगायला हवे.

पंढरपूरला दर्शनाशिवाय, वास्तू म्हणून मंदिर पाहता येते का?

पाहता येते, पण मंदिर सतत वापरात आहे याचे भान ठेवून. एकादशी, शनिवार-रविवार आणि सुट्या सोडून आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. नामदेव पायरी, महाद्वारासमोरील चोखामेळ्यांची समाधी आणि सभामंडपातील खांब पाहण्यास घाई करू नये. नामदेव पायरीवर पाय न देता पुढे जाण्याची रीत आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी हे मंदिर हरिजनांसाठी खुले व्हावे म्हणून येथे उपोषण केले आणि त्यानंतर दार उघडले. मंदिराचा इतिहास सांगताना ही घटना वगळली तर तो अपुरा राहतो. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, म्हणून छायाचित्रांचा बेत नदीकाठच्या घाटांपुरता ठेवावा.

उजनीच्या जलाशयात बोटीने रोहित पक्षी पाहता येतात ना?

होय. पाणी उतरून चिखलाचा काठ उघडा पडला की, साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, रोहित पक्षी मोठ्या संख्येने दिसतात. बोटीची सोय मुख्यतः भिगवण आणि कुंभारगावच्या बाजूला, म्हणजे पुणे जिल्ह्यात आहे. सोलापूरहून रेल्वेने किंवा पुणे महामार्गाने जाऊन ती फेरी एका दिवसात होते. स्थानिक मच्छीमारच नावाडी आणि मार्गदर्शक असतात. पाणी फार उतरले तर पळसदेवचे जुने मंदिर वर येते.

लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत बसू नये आणि दुपारनंतर वारा सुटला असेल तर निघूच नये. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. एवढा मोठा जलाशय समुद्रासारखा खवळू शकतो, हे काठावरच्या शांत पाण्याकडे पाहून खरे वाटत नाही. नावाडी ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालू नये, आणि पक्ष्यांचा थवा उडवून दाखवण्याचा आग्रहही त्याला करू नये.

नळदुर्ग सोलापूर जिल्ह्यात येतो का?

येत नाही, तो धाराशिव जिल्ह्यात आहे. परंतु सोलापूर-हैदराबाद महामार्गावर पन्नास किलोमीटरच्या आत असल्याने सोयीचा मुक्काम सोलापुरातच होतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. नदीला पूर आला की बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि पाणीमहालाच्या खिडकीत बसलेला माणूस कोरडा राहतो. धबधबे केवळ चांगला पाऊस झालेल्या वर्षीच वाहतात. गेल्या आठवड्यातले छायाचित्र पाहून निघू नये, आदल्या दिवशी चौकशी करावी. पाणी नसले तरी उपळी बुरूज आणि त्यावरील लांब तोफा यांसाठी जाण्यासारखे आहे.

ड्रोन, तिपाई आणि लग्नापूर्वीच्या छायाचित्रणाबाबत काय नियम आहेत?

केंद्रीय स्मारकांत मोबाइल किंवा साध्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेण्यास सहसा हरकत नसते. तिपाई, दिवे, व्यावसायिक चित्रीकरण आणि ड्रोन यांना लेखी परवानगी लागते. अभयारण्यात ड्रोन आणूच नये. तटावर नाव कोरणे किंवा रंगाने लिहिणे यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

वयस्कर मंडळी आणि लहान मुले बरोबर असतील तर?

भुईकोट किल्ला, नावाप्रमाणे, सपाट जागेवर असल्याने चढण फारशी नाही. तटावर जाणाऱ्या पायऱ्या मात्र उंच आणि कठड्याविना आहेत. मुलांचा हात सोडू नये. कुडलची मंदिरे आणि सिद्धेश्वर मंदिर वयस्करांना सोपे जाते. नान्नजला सावली आणि पिण्याचे पाणी मिळेल असे गृहीत धरू नये.

शहरात एकच दिवस मिळाला तर काय पाहावे?

सकाळी किल्ला आणि सिद्धेश्वर मंदिर, नंतर भैय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस स्मारक. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये मरण पावलेल्या या डॉक्टरांचे घर महापालिकेने जपले आहे. चार हुतात्म्यांचा पुतळाही पाहावा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. त्याआधी १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला होता. संध्याकाळी हिप्परग्याच्या तलावावर जावे, हिवाळ्यात तेथे बदके उतरतात. जेवणाला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असावी. डिसेंबर-जानेवारीत कोणी हुरड्याला बोलावले तर बाकीचा बेत खुशाल मोडावा.

गावात वीरगळ किंवा कोरीव दगड दिसला, अथवा शेतात नांगरताना सापडला, तर काय करावे?

जिल्ह्यातील बहुतेक गावांच्या वेशीत वा मारुतीच्या पारावर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, उभे असतात. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा, अशी त्यांची मांडणी ओळखता येते. दगड आहे त्या जागी, आहे त्या दिशेत ठेवून मोजपट्टी शेजारी धरून छायाचित्र घ्यावे. गावाचे नाव व जमिनीचा गट क्रमांक लिहून ठेवावा. तो स्वच्छ करण्यासाठी तारेचा ब्रश किंवा आम्ल वापरू नये आणि ऑइल पेंट तर मुळीच देऊ नये. श्रद्धेने दिलेल्या शेंदरी रंगाखाली अनेक ठिकाणी अक्षरे कायमची बुजली आहेत. नाणी किंवा दागिने सापडले तर १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेले धन) कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. इतर अवशेषांची माहिती तलाठी किंवा तहसील कार्यालयामार्फत पुरातत्त्व विभागाला लेखी द्यावी आणि अर्जाची पोच घेऊन ठेवावी.